मुलगी शाळेत गप्प, घरी अखंड बडबड : बडोद्यात नव्याने आलेल्या कुटुंबाचा प्रश्न

प्रश्न : मांजलपूरची नवखी

नमस्कार.

आम्ही सांगलीचे. यजमानांना मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी मिळाल्यामुळे मे महिन्याच्या अखेरीस आम्ही दोन मुलांसह बडोद्यास आलो आणि मांजलपुरात भाड्याने घर घेतले. मुलगी साडेसहा वर्षांची असून जूनपासून पहिलीत जाते. मुलगा अडीच वर्षांचा आहे. घर हवेशीर आहे, पाणी वेळेवर येते, सोसायटीतील माणसे सभ्य आहेत. तक्रार करावी असे काहीच नाही. तरीही गेले तीन महिने माझे चित्त थाऱ्यावर नाही, आणि त्याचे कारण मुलगी आहे.

सांगलीत ही मुलगी बालवाडीपासून बोलघेवडी म्हणून प्रसिद्ध होती. येथे शाळा सुरू झाल्यापासून तिने वर्गात एक शब्दही उच्चारलेला नाही, असे तिच्या वर्गशिक्षिका सांगतात. शाळा इंग्रजी माध्यमाची आहे, परंतु मुले आपसांत गुजराती बोलतात आणि काही समजावून सांगायचे झाले की शिक्षिकाही गुजरातीवरच येतात. मुलगी वह्या पूर्ण करते, चित्रे नीट रंगवते, हजेरीला हात वर करते. तोंड मात्र उघडत नाही. पहिल्या दिवशी घरी आल्यावर ती एवढेच म्हणाली होती, "मी बाईंना बाई म्हटलं तर सगळे हसले." त्यात हसण्यासारखे काय होते, हे मला तेव्हाही उमगले नाही आणि आजही उमगलेले नाही.

ऑगस्टमध्ये दोनदा असे झाले की लघवीला जायचे आहे हे तिला सांगता आले नाही. दुसऱ्या वेळी ती शाळेने दिलेला जादा स्कर्ट घालून घरी आली. स्वतःचा ओला स्कर्ट तिने प्लास्टिकच्या पिशवीत भरला होता आणि पिशवीच्या तोंडाला एकावर एक तीन गाठी मारल्या होत्या. त्या मला सुटेनात, शेवटी कात्री घ्यावी लागली. त्याविषयी ती काही बोलली नाही आणि मीही विचारले नाही.

घरी मात्र दप्तर खाली ठेवल्यापासून झोपेपर्यंत तिची टकळी चालू असते. संध्याकाळी ती दारातल्या सगळ्या चपला ओळीने मांडते, त्यांचा वर्ग भरवते आणि त्यांच्याशी एका विचित्र भाषेत बोलते, जिच्यात थोडे गुजराती, थोडे इंग्रजी आणि बरेचसे तिने स्वतःच रचलेले असते. मी जवळ गेले की शाळा सुटते.

वर्गशिक्षिकांनी सुचवले की घरात मराठी बंद करून हिंदी किंवा इंग्रजी बोलावे, म्हणजे मुलीचा गोंधळ होणार नाही. यजमानांना ते पटले. आम्ही चार दिवस घरात हिंदी बोललो. चौथ्या रात्री अंथरुणात ती मला म्हणाली, "आई, तू आईसारखं बोल ना." तेथे आमचा प्रयोग संपला, पण शाळेचे ऐकले नाही ही टोचणी राहिली आहे. सासूबाई फोनवर म्हणतात की मुलीला सांगलीला आणून सोडा, पुढचे दिवाळीनंतर बघू.

थोडे माझ्याविषयीही लिहिते. शेजारच्या बेन जिन्यात भेटल्या की रोज विचारायच्या, "फावी गयुं?" आपल्याकडे एखाद्याला फावले म्हणजे दुसऱ्याच्या अडचणीत त्याने आपला कार्यभाग साधून घेतला, त्यामुळे पहिले पंधरा दिवस मी त्यांच्याशी तुटकपणे वागले. "जमले का, रुळलात का," एवढेच त्या विचारत होत्या हे पुढे कळले, पण तोवर मी इतकी ओशाळले होते की त्यांच्या दाराचा आवाज आला की मी जिना उतरायचे थांबते.

विचारायचे ते असे : घरात मराठी ठेवावे की नाही? शाळा बदलून मराठी मुले असलेली शाळा शोधावी का? आणि हे चार दिवसांचे आहे, की डॉक्टरांना दाखवण्याइतके गंभीर आहे? येथे मुले वाढवलेल्या मराठी आईवडिलांनी अनुभव लिहिल्यास उपकार होतील.

उत्तर : दांडिया बाजारचे आजोबा

ताई, बडोद्यातील ही आमची पाचवी पिढी. माझ्या पणजोबांचे वडील सरकारी दफ्तरात कारकून म्हणून आले आणि परत गेले नाहीत. "फावणे" या शब्दावर तुम्ही अडखळलात हे वाचून मला हसू आले, कारण आमच्या घरच्या मराठीत हा शब्द गुजरातीच्याच अर्थाने चालतो. "मला खालच्या मजल्यावर फावत नाही" हे वाक्य आमच्याकडे शुद्ध मराठी आहे, आणि पुण्याचे पाहुणे ते ऐकून एकमेकांकडे पाहतात. तुमच्या शेजारणीने विचारलेला प्रश्न या गावात नव्या माणसाला विचारला जाणारा सर्वांत आपुलकीचा प्रश्न आहे. त्यांचे दार वाजले की उलट मुद्दाम उतरा.

घरातील मराठीविषयी माझे मत ठाम आहे : ती बंद करू नका. शाळेतील शिक्षिकांचा हेतू चांगला असेल, पण मुलीने तुम्हाला चौथ्या रात्री जे सांगितले त्यावर आणखी कोणाचा सल्ला घेण्याची गरज नाही. मी तर म्हणेन, तुम्ही काळजी चुकीच्या टोकाकडून करीत आहात. मुलगी गुजराती शिकणारच आहे. ते थांबवायचे म्हटले तरी थांबणार नाही. माझ्या तिन्ही नातवंडांची मराठी ऐकून तुम्हाला घरची वाटेल, पण त्यांच्यापैकी एकाला मराठी वाचनाचा सराव नाही, आणि धाकटी दोघे भांडतात ती गुजरातीत. भाऊबहीण भांडायला कोणती भाषा घेतात त्यावरून घराची भाषा कळते. तेव्हा खरे लक्ष ठेवायचे ते तुमच्या अडीच वर्षांच्या मुलावर. त्याला सांगलीतले काही आठवणार नाही. त्याच्या मराठीला तुम्ही दोघे आणि त्याची बहीण यांच्याखेरीज आधार नाही.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही, घरचे कंटाळले तरी मी ती सांगतोच. ज्यांच्या नावाने हे शहर ओळखले जाते ते तिसरे सयाजीराव नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचे. जन्म १८६३ सालचा, मूळ नाव गोपाळराव, घर शेतकऱ्याचे. १८७५ साली महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतले तेव्हा वय १२ वर्षांचे. त्या वयात मुळाक्षरांपासून आरंभ करून मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा त्यांना शिकाव्या लागल्या. पुढे याच माणसाने १९०६ मध्ये साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. कवळाण्याहून आलेला तो मुलगा पहिले काही महिने शिक्षकांपुढे किती बोलत असेल, असे मी पुष्कळदा मनात आणतो. तुमच्या मुलीला तर अजून सहा महिनेही झालेले नाहीत.

मराठी घरे तुम्हाला दांडिया बाजार, रावपुरा या जुन्या भागात अधिक भेटतील. मांजलपुरातही आहेत, पण नव्या सोसायट्यांत ती विखुरलेली असतात आणि दारावरची पाटी इंग्रजीत असल्याने ओळखू येत नाहीत. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात, जे १९१० साली सुरू झाले, मराठी पुस्तकांचा मोठा संग्रह आहे. रविवारी नाही तर शनिवारी मुलीला घेऊन जा. आणि कमाटीबाग दाखवली नसेल तर आधी ती दाखवा. तेथील संग्रहालयात निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे. त्याच्यासमोर उभे राहिल्यावर गप्प बसलेले मूल मी तरी अद्याप पाहिलेले नाही.

उत्तर : निवृत्त शिक्षिका, कारेलीबाग

मी पहिली-दुसरीचे वर्ग तीस वर्षांहून अधिक काळ घेतले, त्यांपैकी निम्मी वर्षे गुजराती माध्यमात. माझे माहेर सातारा जिल्ह्यातले. लग्न होऊन आले तेव्हा मलाही गुजरातीचे अक्षर येत नव्हते.

प्रथम "बाई"चा उलगडा करते, कारण मला वाटते सगळ्याचे मूळ तेथे आहे. गुजरातीत शिक्षिकेला "बेन" म्हणतात. "बाई" हा शब्द तेथे साधारणपणे घरकामाला येणाऱ्या स्त्रीसाठी वापरतात. तुमच्या मुलीने, तिच्या दृष्टीने, सर्वांत आदराचा शब्द उच्चारला आणि सारा वर्ग हसला. हसणाऱ्या मुलांच्या मनात काही दुष्टावा नव्हता, परंतु तिने त्यातून एक निष्कर्ष काढला : माझ्या तोंडून येथे काय बाहेर पडेल याचा भरवसा नाही. सहा वर्षांच्या मुलीने काढलेला हा निष्कर्ष तर्काला धरूनच आहे. आज संध्याकाळी तिला हा उलगडा साध्या शब्दांत सांगा. तू चुकली नाहीस, त्यांच्याकडे तो शब्द वेगळ्या कामाला आहे, एवढे पुरे. असे शब्द आणखी पुष्कळ आहेत, आणि त्यांचा घरात खेळ करता येतो. तिच्या वहीवर "धोरण १" असे छापलेले असेल. गुजरातीत धोरण म्हणजे इयत्ता. आपल्याकडे धोरण सरकारचे असते. भाखरी म्हणजे आपली भाकरी नव्हे, तर गव्हाची खुसखुशीत, जाड पोळी. दादा म्हणजे आजोबा.

आता गप्प राहण्याविषयी. मूल अपरिचित भाषेच्या वर्गात पडले की काही आठवडे, पुष्कळदा काही महिने, ते केवळ ऐकत असते. बाहेरून ते मुके वाटते, पण आत साठवण चालू असते. तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही जाता जाता लिहिले आहे : ती चपलांचा वर्ग भरवते आणि त्यांच्याशी मोडक्यातोडक्या गुजरातीत बोलते. म्हणजे वर्गात ऐकलेले ती घरी आणून, कोणी हसणार नाही अशा श्रोत्यांसमोर, घोटते आहे. कृपा करून त्या वर्गात शिरू नका, तिचे उच्चार सुधारू नका आणि त्याची चित्रफीत काढून सांगलीला पाठवू नका.

मातृभाषा बंद केल्याने दुसरी भाषा लवकर येते, हा समज शाळांतून अजून आहे आणि तो चुकीचा आहे. ज्या मुलाला घरच्या भाषेत कारण सांगता येते, तक्रार करता येते, गोष्ट रचता येते, त्याला दुसऱ्या भाषेत फक्त शब्द शोधावे लागतात. ज्याची घरची भाषा खुडली जाते त्याला विचार आणि शब्द दोन्ही शोधावे लागतात. दोन भाषांची सरमिसळ झाली तर ती भेसळ समजू नका. ती पुढे आपोआप निवळते.

स्वच्छतागृहाचा प्रश्न मात्र वाट पाहण्याचा नाही. उद्याच वर्गशिक्षिकांना एकट्या गाठा आणि एक खूण ठरवा : करंगळी दाखवली किंवा बाकावर विशिष्ट रंगाचे कार्ड ठेवले की तिने न विचारता जायचे. त्यांच्याकडून हे मान्य करून घ्या, आणि मुलीसमोर त्यांच्या तोंडून एकदा वदवून घ्या. भीती गेली की अर्धे काम होते. त्याच्या जोडीला चार वाक्ये तिला पाठ करून द्या, व्याकरण न सांगता, गाण्यासारखी : "बेन, मारे बाथरूम जवुं छे." "मारे पाणी पीवुं छे." "मने समजायुं नहीं." "मारे पण रमवुं छे." चौथे वाक्य सर्वांत उपयोगी आहे. ते शाळेत नव्हे, सोसायटीच्या आवारात आधी वापरले जाईल.

लिपीची काळजी करू नका, तिला देवनागरीची अक्षरओळख असेल तर गुजराती लिपी ही जवळजवळ डोक्यावरची रेघ काढून टाकलेली ओळखीची मंडळी आहे. ग, म, न, त, प, व ही अक्षरे ती पहिल्याच दिवशी ओळखेल. क, ज, ब, ल, अ अशी काही वेगळी आहेत, ती शिकवावी लागतात. दोन ठिकाणी मराठी मुले हमखास फसतात : गुजराती र आपल्या २ सारखा दिसतो आणि गुजराती पाचाचा आकडा आपल्या प सारखा. दोन्ही वेळा लाल शाईची फुली बसते आणि मूल हिरमुसते. आधी सांगून ठेवलेले बरे.

शाळा बदलून हा प्रश्न टळणार नाही, कारण २०२३ सालच्या कायद्याने गुजरातमध्ये पहिली ते आठवीपर्यंत गुजराती विषय सर्व मंडळांच्या शाळांत आवश्यक झाला आहे. तिला सांगलीला नेऊन सोडण्याचा विचार तर अजिबात करू नका. परत आल्यावर तिला पहिला दिवस पुन्हा काढावा लागेल.

डॉक्टरांकडे केव्हा जावे? घरी मनमोकळे बोलणे चालू आहे तोवर घाई नाही. ती घरीही गप्प होऊ लागली, झोप किंवा खाणे बिघडले, बोलावल्यावर पुष्कळदा लक्षच देईनाशी झाली, तर थांबू नका. अशा वेळी आधी बालरोगतज्ज्ञ आणि कानांची तपासणी. तसे काही नसेल, पण नाताळपर्यंतही आवारातल्या एकाही मुलाशी ती बोलली नसेल, तरीसुद्धा एकदा सल्ला घ्या. घरी बोलणारे आणि शाळेत पूर्ण मुके राहणारे असेही एक दुखणे असते आणि त्यावर उपाय आहे, पण ते भाषा अनोळखी असल्याच्या काळात ठरवता येत नाही.

उत्तर : नाशिककर, सध्या वासणा रस्ता

वरील दोन्ही उत्तरे उत्तम आहेत. दांडिया बाजारच्या आजोबांशी एका बाबतीत मात्र माझा मतभेद आहे, तो स्वतःच्या चुकीवरून.

आम्ही चार वर्षांपूर्वी नाशिकहून आलो. पहिले वर्षभर प्रत्येक रविवार आम्ही मराठी ओळखी शोधण्यात आणि त्यांच्याकडे जाण्यात घालवला. हळदीकुंकू, गणपती, नाटक, सहली, काही सोडले नाही. आम्हा दोघांना त्याने फार बरे वाटले. मुलाला मात्र त्या वर्षात सोसायटीतला एकही मित्र झाला नाही, कारण सुटीच्या दिवशी, जेव्हा सगळी मुले खाली खेळत असत, तेव्हा आम्ही त्याला मोटारसायकलवर बसवून शहराच्या दुसऱ्या टोकाला नेत होतो. मराठी घरात ठेवा, ग्रंथालयातही न्या. पण रविवारची संध्याकाळ आवाराला द्या.

आमचा प्रश्न सुटला तो कोणाच्या युक्तीने नव्हे. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीला पूर आला तेव्हा आम्ही नदीपासून थोड्याच अंतरावर तळमजल्यावर राहत होतो. रात्री पाणी पायरीला लागले आणि वरच्या मजल्यावरच्या गुजराती कुटुंबाने आम्हाला हाक मारून वर घेतले. तोवर त्यांच्याशी आमचे बोलणे दूधवाल्याच्या पिशव्या अदलाबदल झाल्या तर त्या परत करण्यापुरते होते. तीन रात्री आम्ही त्यांच्याकडे काढल्या. वीज नव्हती. माझा मुलगा, तेव्हा पाच वर्षांचा, त्यांच्या बांच्या, म्हणजे आजींच्या, कुशीत झोपला, कारण खिडकी त्यांच्याच खाटेजवळ होती आणि पाण्यात मगर दिसते का हे त्याला पाहायचे होते. (विश्वामित्रीत मगरी आहेत, आणि पुरात त्या वस्तीत येतात, हे येथील मुलांना ठाऊक असते, नव्यांना नसते.) बा त्याला रात्रभर काहीबाही सांगत राहिल्या. त्याला त्यातले किती कळले देव जाणे, पण चौथ्या दिवशी खाली चिखल काढत असताना तो जिन्यावरून ओरडला, "बा, नीचे आवो ने!" त्यानंतर आजतागायत तो थांबलेला नाही.

पूर येईपर्यंत थांबा असे मी म्हणणार नाही. नवरात्र तोंडावर आले आहे. मोठ्या मैदानांवरच्या गरब्याला लहान मुलांना नेऊ नका, तेथे गर्दी, प्रचंड आवाज आणि मध्यरात्र. आपल्या सोसायटीत जो शेरी गरबा होतो त्यात पहिला तासभर लहान मुलेच असतात. बे ताळी, त्रण ताळी, म्हणजे दोन टाळ्यांचा नि तीन टाळ्यांचा गरबा, यांना भाषा लागत नाही; पुढच्याचे पाय पाहून मागचा शिकतो. तेथे मुलीला पाठवू नका, तिच्यासोबत तुम्ही स्वतः वर्तुळात उतरा. तुमचे पाय चुकलेले तिला दिसणे आवश्यक आहे.

जाता जाता : पुढेमागे घर बदललेत तर भाड्याआधी २०२४ मध्ये त्या इमारतीत पाणी कुठवर आले होते ते विचारा, आणि ते दलालाला न विचारता समोरच्या दुकानदाराला विचारा. जानेवारीत उत्तरायणाच्या सुमारास मुलांना दुचाकीवर पुढे बसवू नका. पतंगाचा मांजा रस्त्यावर आडवा येतो आणि दिसत नाही.

उत्तर : तरसालीची आई

मी तुमच्यापासून फार दूर नाही. माझी मुलगी पाच वर्षांची, मराठी आणि गुजराती दोन्ही बोलते, आणि दोन्हींत उद्धट आहे. दुकानदाराला जुवारनो लोट म्हटले की ज्वारीचे पीठ मिळते. त्याची भाकरी घेऊन तुमच्या शेजारणीकडे जा, त्यांच्या भाखरीशी अदलाबदल करा. माझी पहिली मैत्री याच सौद्यावर झाली. निरोप पाठवा, भेटू.

प्रश्नकर्तीकडून : मांजलपूरची नवखी

सर्वांचे मनापासून आभार. दिवाळीची सुटी संपून शाळा पुन्हा सुरू झाली आहे, म्हणून झाले तेवढे कळवते.

"बाई"चा उलगडा सांगितला त्या रात्री ती बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारले, "मग सांगलीच्या बाईंना इथे आणलं तर त्यांनाही हसतील?" मी म्हटले, बहुतेक हसतील. त्यावर ती एवढ्या जोरात हसली की धाकटा दचकून उठला. मला वाटते तीन महिने ती जे ओझे वाहत होती त्यातले बरेचसे तेथे उतरले.

वर्गशिक्षिकांनी करंगळीची खूण लगेच मान्य केली, आणि मी समजत होते त्याहून त्या समंजस निघाल्या. घरात हिंदी बोलण्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला तेव्हा मी निवृत्त शिक्षिकांचे म्हणणे त्यांना सांगितले. त्यांना ते पूर्णपणे पटले नसावे, परंतु त्यांनी आग्रह धरला नाही. त्यानंतर स्कर्ट ओला झालेला नाही.

नवरात्रात मी वर्तुळात उतरले. पहिल्या दिवशी तिसऱ्या टाळीला मी शेजारच्या बेनना धडकले आणि दोघी पडता पडता वाचलो. मुलगी कट्ट्यावर बसून पाहत होती. चौथ्या रात्री ती माझा हात धरून आली, आणि सहाव्या रात्री हात सोडून पुढच्या मुलीच्या मागे गेली. ती पुढची मुलगी म्हणजे शेजारच्या बेनची नात. आता सुटीच्या सकाळी ती आमच्या दारात येऊन उभी राहते. दोघी आपसांत काय बोलतात ते मला ऐकू येत नाही आणि मी ऐकायला जात नाही.

वर्गात सर्व काही सुरळीत झाले असे मात्र नाही. शिक्षिकांनी प्रश्न विचारला तर ती अजून उत्तर देत नाही. सुटीनंतरच्या आठवड्यात एकदा "मारे पाणी पीवुं छे" म्हणाली, तेही शेजारच्या मुलीच्या कानात, आणि त्या मुलीने ते शिक्षिकांना सांगितले. नाताळपर्यंत वाट पाहायची असे आम्ही ठरवले आहे. सासूबाई आठवडाभर येऊन राहून गेल्या. मुलीला सांगलीला नेण्याचा विषय त्यांनी काढला नाही, फक्त डाळ गोड का करतात हे मात्र शेवटपर्यंत त्यांना समजले नाही.

मीही चुकतेच. परवा सोसायटीतला बारा वर्षांचा मुलगा चेंडू मागायला आला, तेव्हा मी धाकट्याला म्हटले, "दादाला चेंडू दे." मुलगी आतून पळत आली आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "आई, दादा नको म्हणूस, तो आजोबा नाही."

चपलांची शाळा चालू आहे. या आठवड्यात धाकट्याला तेथे प्रवेश मिळाला. त्याला माझ्या डाव्या चपलेशेजारी बसवले होते, आणि मी स्वयंपाकघरातून ऐकले तेव्हा पहिला धडा चालू होता : "बाई नाही रे. बेन. म्हण, बेन."